म्हैसूरपर्यंत आठ गिरण्या

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं आडनाव विचारलं नाही. जालन्यात नव्या माणसाला खोली देताना आधी आडनाव, मग गाव, मग लग्न झालंय का, झालं नसेल तर का झालं नाही, अशी सगळी उलटतपासणी होते. त्याआधी तीन घरांत मी ती देऊन आले होते, आणि तिसऱ्या घरातल्या बाईला चार शब्द सुनावूनही आले होते. इथं जिन्याखाली, मीटरच्या पेटीसमोर एक उंच, वाळका, साठीतला माणूस उभा होता. त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं,

"मॅडम, इस्त्री किती वॅटची हाये तुमची?"

"इस्त्री न्हाई माझ्याकडं."

"मंग घ्या सामान वर," ते म्हणाले. झाली मुलाखत.

तेच आमचे काका. वीज खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. पस्तीस वर्षं खांबावर काढलेली, त्यामुळं जमिनीवरच्या गोष्टींत त्यांना फारसं कळत नाही असं काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, मत होतं. मी एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला. ओल्या कागदावर बी मांडायचं आणि चौथ्या, आठव्या दिवशी किती उगवलं ते मोजायचं. काकांना माझं काम फार आवडायचं. "तुमचं बी खोटं बोलत न्हाई, आमची लाइट खोटं बोलत न्हाई. बाकी दुनिया बोलून राह्यली," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

अंगणाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा होता. घरात कुठं करंट फुटला तर तो माणसाच्या अंगातून न जाता सरळ जमिनीत उतरावा, म्हणून पुरलेली तांब्याची पट्टी आणि तिच्याभोवती मीठ-कोळसा. तो खड्डा ओला राहिला पाहिजे. रोज सकाळी काका आधी त्यात बादलीभर पाणी ओतायचे, मग झाडांना, मग स्वतःच्या अंगावर. उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, तरी खड्ड्याची बादली चुकली नाही.

"घरात प्यायला न्हाई आन् हे जमिनीला पाजून राह्यले," काकू ओरडायच्या.

"जमीन तहानली तर माणूस मरतो," काका म्हणायचे आणि दुसरी बादली भरायला घ्यायचे.

काका कुणाच्याही घरी गेले, लग्नाला गेले, साखरपुड्याला गेले, तरी त्यांच्या पिशवीत एक बल्ब, होल्डर आणि दोन वायरी असायच्या. चहा येईपर्यंत हा माणूस उठून यजमानाच्या स्विचबोर्डात वायरी घालून अर्थिंग बघायचा. बल्ब लख्ख पेटला तर "बराबर हाये" म्हणून बसायचा. मंद पेटला तर त्या घरात चहा प्यायचा नाही. बायको लाजेनं अर्धी व्हायची. एका कार्यालयात तर वधूपक्षानं त्यांना बाहेर काढलं होतं, आणि काकांनी बाहेर जाता जाता मांडववाल्याला सांगितलं होतं की नवरीला त्या कूलरजवळ बसवू नका.

हे वेड कुठून आलं ते मला त्यांनी एकदाच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला, कुठल्याशा खेड्यात, ते आणि त्यांचा जोडीदार लाइन दुरुस्त करायला गेल्ते. खांबावर चढण्याआधी फोन करून लाइन बंद करायला सांगायचं, समोरच्यानं "बंद केली" म्हणायचं, मग चढायचं. याला ते लोक परमिट म्हणतात. त्या दिवशी काकांनी फोन केला, "बंद करा" म्हणाले आणि ठेवून दिला. समोरून उत्तर येऊ दिलं नाही. घाई होती. समोरचा माणूस म्हणत होता, थांबा. जोडीदार वर चढला होता.

"मी सांगितलं, पन ऐकलं न्हाई," काका म्हणाले. "समोरून शब्द आला पाह्यजे मॅडम. आपण सांगून उपेग न्हाई. समोरून शब्द आला तरच पाय खांबावर."

तेव्हापासून ते प्रत्येक गोष्ट तीनदा विचारायचे. दूधवाल्याला, डॉक्टरला, मला. "उद्या येणार का? येणार? नक्की येणार?" माझ्यासारख्या तापट बाईला हे फार जड जायचं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "काका, एकदा सांगितलेलं मला बी कळतं आन् तुमाला बी कळतं." ते म्हणाले, "बराबर हाये. मंग येणार ना?"

तर अशा माणसानं विजेवर चालणारी गाडी घेतली. पुण्यात कुठल्यातरी ऑफिसची माणसं ने-आण करून दमलेली, पांढरी, जुनी गाडी. ती आली त्या दिवशी गल्ली लोटली. कुणी विचारलं किती पळते, कुणी विचारलं पावसात करंट लागतो का. काका अंगणात घातलेल्या नव्या पॉइंटकडं बोट दाखवून म्हणाले, "आयुष्यभर लोकाच्या घरात लाइट दिली. आता माझी लाइट मला घेऊन फिरंल."

"कुठं फिरणार?" मी विचारलं.

"म्हैसूरला," ते म्हणाले, आणि काकू आत निघून गेल्या.

म्हैसूरला त्यांची लेक राहायची. एकुलती एक. इंजिनिअर. मी राहायला आले त्याच्या आधीच तिनं तिकडच्याच एका मुलाशी लग्न केलं होतं, नोंदणी करून, आणि झाल्यावर बापाला कळवलं होतं. आईला तेवढं आधीच माहीत होतं. लोकांना वाटायचं, मुलगा दुसऱ्या जातीचा म्हणून काका चिडले. साफ खोटं. काकांचं घर बौद्ध, आणि जातीवरून कुणाला लांब ठेवणं त्यांना किळसवाणं वाटायचं. त्यांचं दुःख वेगळं होतं. "मला विचारलं असतं तर मीच मांडव घातला असता. गावभर लायटिंग केली असती. मला आधी सांगावं वाटलं न्हाई तिला. माझी भीती वाटली. माझी!" हे बोलताना त्यांचा आवाज चिरकायचा. फोनवर त्यांनी तिला म्हटलं होतं, पुन्हा फोन करू नको. लेक त्यांचीच. तिनं केला नाही. सात वर्षं.

आईशी मात्र तिचं बोलणं व्हायचं. दर रविवारी सकाळी अकराला. आणि दर रविवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना काका म्हणायचे, "मी जरा गाडीत बसतो." अंगणात उभ्या गाडीत, काचा वर करून, भर उन्हात हा माणूस अर्धा तास बसायचा. एसी लावायचा नाही, बॅटरी उतरंल म्हणून. काकू स्वयंपाकघरात मोकळेपणानं बोलायच्या, रडायच्या, हसायच्या. बोलणं संपलं की उगाच एक ताट मोठ्यानं आपटायच्या. मग काका घामाघूम होऊन आत यायचे आणि विचारायचे, "झाला का चहा?" दोघांनी हे कधी ठरवलं नव्हतं. गाडी आल्यापासून मी वरच्या गॅलरीतून हे पाहत आले, आणि मला दर वेळी दोघांचाही राग यायचा.

गाडीत बसून ते वही लिहायचे. म्हैसूरच्या प्रवासाची.

एकदा भरली की ती गाडी दीड-पावणेदोनशे किलोमीटर जायची. काका हिशोब एकशेवीसचा धरायचे. जालन्याहून बीड, तुळजापूर, सोलापूर, विजापूर, हुबळी, दावणगेरे असं करत हजार किलोमीटर. मी मोबाईलवर त्यांना चार्जिंगची ठिकाणं दाखवली. मोठ्या हमरस्त्यावर यंत्रं आहेत, तासाभरात गाडी भरते. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि मोबाईल परत दिला.

"हे हिरवं दाखवून राह्यलं. समोरून कोन बोल्लं का, की चालूये म्हणून?"

"मशीन कसं बोलंल काका?"

"मंग त्याच्या भरवशावर मी बायकोला घेऊन जाऊ व्हय?"

त्यांनी स्वतःचा रस्ता काढला. पिठाच्या गिरण्यांचा! त्यांचं म्हणणं असं, की गावात एक वेळ दवाखान्याची लाइट डळमळीत असंल, पण गिरणीची नसते. चक्कीची मोटर चालायची तर वायर जाड लागते, अर्थिंग पक्कं लागतं, आणि गिरणीवाला दिवसभर जागेवर असतो. मग त्यांनी एकशेवीस किलोमीटरला एक अशा आठ गिरण्या शोधल्या. जुने लाइनमन, त्यांचे साडू, व्याही, कुणाकुणाला धरून नंबर मिळवले. हुबळीच्या पलीकडं ओळख संपली तेव्हा "हिट्टिन गिरणी", म्हणजे पिठाची गिरणी, एवढे दोन कानडी शब्द शिकून त्यांनी अनोळखी माणसांना फोन लावले.

"भाईसाब, आपके गिरनी में पंधरा अँपिअर का पॉइंट है क्या? है? पक्का है? अर्थिंग का क्या हाल है?"

एका गिरणीवाल्याला वाटलं तपासणीवाला साहेब आहे, त्यानं फोन ठेवला आणि दोन दिवस गिरणी बंद ठेवली. काकांनी त्याला पुन्हा फोन करून माफी मागितली, मग दिवाळीला फोन केला, मग उगादीला केला. वर्षभरात तो माणूस यांना विचारायला लागला, "साब, कब आ रहे? गड्डे में पानी डालके रखा है."

साध्या पॉइंटवर गाडी भरायला आठ-नऊ तास लागायचे. म्हणजे रोज एकशेवीस किलोमीटर जायचं आणि गिरणीत मुक्काम करायचा. आठ मुक्काम जायला, आठ यायला.

"काका, रेल्वेनं बसलात तर दुसऱ्या दिवशी पोचाल," मी म्हटलं. "काकू दोनदा जाऊन आल्या की."

त्यांनी वहीचं पान उलटलं. मग म्हणाले, "रेल्वेनं गेलं तर पोचावंच लागतं, मॅडम."

गाडीची परीक्षा म्हणून एकदा ते मला माझ्या माहेरी सोडायला आले. तीर्थपुरीजवळ आमचं शेत आहे, घर आहे, चार पिढ्यांची वस्ती. मी खोली घेतली तेव्हा माझी आई एकदा बघायला आल्ती. भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून तिनं काकूंनी दिलेलं पाणी तसंच ठेवलं होतं, तहान नाही म्हणाली. मे महिना होता. ती गोष्ट मला अजून लागते, आणि काकांना ती कळली नसेल असं मुळीच नाही. त्या दिवशी आमच्या वाड्यावर पोचल्यावर त्यांनी गाडी लावली, चार्जर जोडला आणि चार्जरवर लाल दिवा लागला. अर्थिंगच नव्हतं. काकांनी बल्ब लावून बघितला, मग आमच्या फ्रीजला उलटा हात लावला आणि आईला विचारलं,

"माउली, फ्रीज उघडताना चप्पल घालता का तुमी?"

"घालतो की. न्हाईतर झिणझिण्या येतात," आई म्हणाली. आमच्या घरी बारा वर्षं सगळे चप्पल घालून फ्रीज उघडत होते, आणि फ्रीज असाच असतो असं आम्हाला वाटत होतं!

काकांनी शर्ट काढून ठेवला आणि आमच्या अंगणात कमरेएवढा खड्डा खणला. मीठ, कोळसा, पट्टी सगळं आणवलं. दुपार टळली. चार वाजता आई स्वतः चहा घेऊन बाहेर आली, त्यांच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "दादा, जेवल्याशिवाय जाऊ नका." ते जेवले. पुढं प्रत्येक फोनवर आई आधी त्यांची चौकशी करायची, मग माझी. अनोळखी घरात शिरून तिथली भीती काढणं त्या माणसाला जमायचं. स्वतःच्या घरात तेवढं जमलं नाही.

वहीची पानं मी नंतर नीट पाहिली. गावाचं नाव, गिरणीवाल्याचं नाव, फोन, आणि पुढं तीन बरोबरच्या खुणा, तीनदा विचारलं म्हणून. आठ ओळी, चोवीस खुणा. नववी ओळ म्हैसूर. तिच्यापुढं काही नाही.

"तिथं गाडी कुठं लावणार?" मी मुद्दाम विचारलं.

"तेच बघून राह्यलो."

"लेकीच्या दारात लावा की. त्यात बघायचं काय?"

"तिच्याकडं पॉइंट हाये का, काय माहीत."

"विचारा मंग!"

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी विचारते रविवारी."

"बिलकुल न्हाई," काका एकदम मोठ्यानं म्हणाले. "ज्याला खांबावर चढायचं त्यानंच परमिट घ्यायचं. दुसऱ्यानं घेतलेलं चालत न्हाई."

असं दीड वर्ष चाललं. गाडी रोज पुसली जायची, रोज भरली जायची. टायरची हवा बघितली जायची. गिरणीवाले विचारायचे कधी येता, काका म्हणायचे, बस, एक ठिकाण राह्यलंय.

मग एका रविवारी, काकू कुणाच्या तरी बारशाला गेलेल्या असताना, काका जिना चढून वर आले. चार वर्षांत ते पहिल्यांदा माझ्या खोलीत आले होते. हातात वही आणि एका चिठ्ठीवर नंबर. माझी पाळी दुपारची होती, कंपनीची गाडी दीडला कोपऱ्यावर यायची, आणि मी केस विंचरत होते.

"मॅडम, एक काम होतं. तुमच्या फोनवरून लावायचं. सर्व्हे करून राह्यलो म्हणायचं. तुमच्या बिल्डिंगमधे गाडी चार्ज करायचा पॉइंट हाये का, एवढं विचारायचं. मी बाजूला बसतो. माझ्या कानानं ऐकलं की झालं."

"दुसऱ्यानं घेतलेलं चालत न्हाई म्हणालात ना?"

त्यांनी चिठ्ठी नुसती माझ्यापुढं धरली. मला दया आली, आणि दया आली की मला राग येतो. मी फोन लावला आणि आवाज मोठा करून मधे ठेवला.

तिनं उचलला. इंग्रजीत बोलली, मग हिंदीत. मीही हिंदीत, पाठ केल्यासारखं म्हटलं, इलेक्ट्रिक गाड्यांचा सर्व्हे आहे, तुमच्याकडे पॉइंट आहे का. काका पलंगाच्या कडेवर बसले होते, मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर. तिकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग ती म्हणाली,

"नहीं. हमारे यहाँ नहीं है."

मागं एक लहान मूल काहीतरी मागत होतं. कानडीत की मराठीत ते कळलं नाही. काकांनी मान वर केली आणि फोनच्या इतकं जवळ वाकले की मला वाटलं, आता बोलतील. नाही बोलले. मी थँक्यू म्हणून फोन बंद केला.

काकांनी वही उघडली, नवव्या ओळीपुढं "न्हाई" लिहिलं. पेन टोपणात घातलं. उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"मॅडम, परत एकदा लावा. एक विचारायचं राह्यलं."

मी घड्याळ बघितलं. एक वाजून वीस मिनिटं. मला वाटलं, पुरे झालं हे. सात वर्षांचा अबोला, बाप गाडीत बसतो, आई ताट आपटते, आणि आता मी खोटं बोलायचं, ते बी दोनदा. मी म्हटलं, आणि जसं म्हटलं तसंच लिहिते, "काका, आता तुमचा नंबर तुमी लावा. मी काय तुमची लाइनमन न्हाई."

"बराबर हाये," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

कंपनीत मी मैत्रिणीला ऐटीत सांगितलं, आज आमच्या काकांना चांगलं तोंडावर सुनावलं, संध्याकाळपर्यंत बघ फोन करतात की नाही. मला खरंच तसं वाटत होतं. उलट मी त्यांचं भलंच केलं असं वाटत होतं.

त्यांनी फोन केला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. गिरणीवाल्यांना मात्र त्यांनी एकेक करून कळवलं की अभी नहीं, समोर पॉइंट नहीं है. माझ्याशी ते आधीसारखेच बोलत राहिले. इस्त्री घेतली का, उद्या सुट्टी आहे का, आहे? नक्की आहे? ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

चार महिन्यांनी, उन्हं तापायला लागली होती, दुपारी जेवून उठताना त्यांच्या छातीत कळ आली. काकूंनी हाक मारली तेव्हा मी धावत खाली गेले. अंगणात गाडी पूर्ण भरलेली उभी होती आणि ती चालवता येणारा एकच माणूस घरात होता, तो ओट्यावर आडवा पडला होता. शेजारच्यानं रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी पाच मिनिटांत बाहेर येऊन सांगितलं. काकूंनी त्यांना तीनदा विचारलं, "गेले का? गेले? नक्की गेले?"

म्हैसूरला फोन मी लावला. काकूंच्या फोनवरून, माझ्या आवाजात. ती फक्त "निघते" म्हणाली.

विमान, मग टॅक्सी, अशी ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. उंच, वाळकी, सगळी बापाची ठेवण. तिच्यासाठी थांबलो होतो. तिनं बापाचा चेहरा पाहिला, पाया पडली आणि शेवटपर्यंत उभी राहिली. त्रिशरण म्हणताना तिचा आवाज सगळ्यांत स्पष्ट होता. रडली नाही. बायका कुजबुजल्या, दगड आहे पोरगी. मी त्यांच्याकडं असं बघितलं की त्या गप्प बसल्या, पण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी माणसं पांगली. काकू आत पडल्या होत्या. ती अंगणात गाडीच्या बोनेटला टेकून उभी होती. मी चहा घेऊन गेले. मला ते मनात ठेवता येत नव्हतं, म्हणून सांगून टाकलं.

"ताई, चार महिन्यांमागं एक सर्व्हेचा फोन आल्ता तुमाला. तो मी केल्ता."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"आईनं गाडीचं सांगितलं होतं. गिरण्यांचंही. आणि जालन्याची हिंदी मला कळत नाही का? तुम्ही बोलायला लागलात तेव्हाच कळलं की ते शेजारी बसलेत." तिनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. "पॉइंट खरंच नव्हता तेव्हा. म्हणून नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीत अर्ज दिला. भांडले. तीन आठवड्यांत बसवून घेतला. पंधरा अँपिअरचा, वेगळ्या अर्थिंगचा. इलेक्ट्रिशियनला तीनदा तपासायला लावलं, तो वैतागला माझ्यावर."

"मंग कळवलं काहून न्हाई? आईला तरी!"

"आईला सांगितलं असतं तर ते आईसाठी आले असते. मला त्यांच्या तोंडून विचारलेलं पाहिजे होतं." तिनं चहाचा एक घोट घेतला. "मला वाटलं, परत फोन येईल. एकदाच विचारून गप्प बसणारा माणूस नाही तो. एकदा विचारलं म्हणजे अजून दोनदा विचारणार. मी ठरवून ठेवलं होतं. परत त्या नंबरवरून फोन आला की दुसरं काही बोलायचं नाही, आधी पप्पा म्हणायचं. चार महिने फोन उशाशी घेऊन झोपले."

मी गाडीचा आरसा धरून उभी राहिले.

"एकदाच कसं विचारलं त्यांनी?" ती म्हणाली. आता ती माझ्याशी बोलत नव्हती, तिचं तिलाच विचारत होती. "माझा आवाज ऐकला आणि बस? परत लावा म्हणाले नाहीत?"

मी आयुष्यभर तोंडावर बोलणारी बाई. त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "न्हाई."

तिचा चेहरा उतरला. तीन दिवस जो चेहरा हलला नव्हता तो माझ्या डोळ्यांदेखत मोडला. ती हळूच म्हणाली, "म्हणजे त्यांना नव्हतंच बोलायचं." आणि कप बोनेटवर ठेवला.

मी मेले असते तर बरं झालं असतं.

"म्हणाले होते," मी म्हटलं. "लगेच म्हणाले होते. परत लावा, एक विचारायचं राह्यलं, म्हणाले. मीच लावला न्हाई. मला कामावर जायचं होतं. मी त्यांना टाकून बोलले, आन् ते खाली निघून गेले. त्यांनी सांगितलं होतं ताई. मी लावला न्हाई."

आता ही मला काय बोलेल ते ऐकायची मी तयारी केली. मारलं असतं तरी चाललं असतं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे लावायचा होता त्यांना," ती म्हणाली. "परत लावा म्हणाले ते. हो ना? म्हणाले ना?"

"म्हणाले," मी म्हटलं.

"नक्की म्हणाले?"

"नक्की म्हणाले."

मग ती रडली. पप्पा, पप्पा म्हणत, लहान पोरीसारखी, आवाज सोडून, अंगण दणाणून सोडत. आतून काकू धावत आल्या आणि दारातच थांबल्या. आणि रडायला तिनं डोकं टेकलं ते माझ्या खांद्यावर, ज्या बाईनं तो फोन लावला नाही तिच्याच. मला मागं सरकायचं होतं, तो खांदा तिला द्यायचा मला अधिकार नव्हता. पण तिनं मला घट्ट धरलं होतं, आणि मी तशीच उभी राहिले.